मला कळलं, मला लागलं, मला भेटलं: इंग्रजीतला ‘गेट’ शिकायचा कसा

परभणीत मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेतो. येणारी पोरं-पोरी जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, पूर्णा, वसमत या बाजूची. बारावीपर्यंत मराठी माध्यम, घरी शेती, आणि इंग्रजीचं व्याकरण बऱ्यापैकी पाठ. काळ विचारा, कर्मणी प्रयोग विचारा, धडाधड सांगतात. अडतात ती छोट्या शब्दांवर.

मागच्या वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी मुलाखतीला संभाजीनगरला गेली. कंपनी औद्योगिक वसाहतीतली. आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि समोरच्या साहेबांनी सहज विचारलं, ‘हाऊ डिड यू गेट हिअर?’ तिच्या कानाने त्यातला एकच शब्द धरला. ती म्हणाली, ‘गेट नंबर टू, सर.’ साहेब हसले. पुढचे प्रश्न तिच्या अभ्यासातलेच होते, पण ते हसू डोक्यात राहिलं आणि उत्तरं तोंडातच अडकली. परत आली तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहून आणलं होतं: ‘गेट म्हणजे नेमकं काय?’

साहेबांनी विचारलं होतं, ‘इथं कशी आलीस?’ एवढंच. एसटीने आले म्हणाली असती तरी झालं असतं. चूक तिची नव्हती. हा शब्द तिला कुणी नीट दाखवलाच नव्हता. शाळेत आपण ‘गेट म्हणजे मिळवणे’ एवढं घोकतो आणि पुढे जातो. त्या मुलीसारखे जे नव्याने शिकायला बसलेत त्यांच्यासाठी मी वर्गात ज्या क्रमाने हा शब्द घेतो, तोच क्रम इथे देतो. घाई करू नका. एका पायरीला दोन दिवस लागले तरी चालतील.

इंग्रजीत जितका शब्द लहान तितका त्याचा पसारा मोठा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजल्याचं २०११ साली वाचकांसमोर आलं. ‘गेट’ त्याच घराण्यातला. म्हणून अर्थांची यादी पाठ करायच्या फंदात पडू नका. त्या वाटेने गेलेली पोरं मी तिसऱ्या दिवशी वही बंद करताना पाहिलीत.

पायरी १: आधी फाटक बाजूला काढा

आपल्या लिपीत दोन वेगळे शब्द एकाच तऱ्हेने लिहिले जातात, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. संभाजीनगरचं दिल्ली गेट, पैठण गेट, मलिक अंबरने १६१२ साली बांधलेलं भडकल गेट. जायकवाडी भरलं की ज्यांच्या बातम्या येतात ते धरणाचे २७ गेट. गावाबाहेरचं रेल्वे गेट. इंजिनिअरिंगची पोरं देतात ती गेट परीक्षा. या सगळ्यांचं स्पेलिंग जी, ए, टी, ई. आपल्याला शिकायचाय तो जी, ई, टी.

उच्चारही वेगळा आहे. फाटकाचा शब्द तोंडात लांबतो आणि ‘इ’कडे सरकतो: गेइट. क्रियापद आखूड, चटकन तोडलेलं: गेट्. आरशासमोर उभं राहून दोन्ही दहा-दहा वेळा म्हणा. ‘गेट’ म्हणताना हनुवटी एकदा खाली जाते आणि तिथेच थांबते, ‘गेइट’ म्हणताना ती परत वर यायला लागते. हा फरक कानाआधी तोंडाला कळतो.

भूतकाळाचं तसंच. ‘गॉट’ म्हणजे मिळालं, ‘गोट’ म्हणजे शेळी. वर्गात आम्ही ‘आय गॉट अ गोट’ हे वाक्य म्हणतो, मला शेळी मिळाली. ते सलग पाच वेळा न चुकता म्हणता आलं की ही पायरी झाली. अमेरिकन लोक तिसऱ्या रूपाला ‘गॉटन’ म्हणतात, ब्रिटिश ‘गॉट’च म्हणतात. दोन्ही बरोबर. एक धरा आणि तेच वापरा.

अजून एक इथेच पक्कं करा. ‘डिड’ आला की ‘गॉट’ येत नाही. ‘आय डिडंट गॉट’ हे मी रोज ऐकतो. ‘आय डिडंट गेट’ असंच म्हणायचं, कारण भूतकाळ ‘डिड’नेच सांगून टाकलेला असतो.

पायरी २: ‘लागणे’ची वही

आता इंग्रजी बाजूला ठेवा आणि संध्याकाळी तासभर घरातलं बोलणं ऐका. जिथे जिथे ‘लागणे’ येईल तिथे वहीत वाक्य उतरवा. एका मुलाने ही वही आणली होती. त्यातली वाक्यं मी अजून जपून ठेवलीत:

भूक लागली. दार लागलं. ठेच लागली. लाईट लागली. आजोबांचा डोळा लागला. नव्या बोरला दोनशे फुटांवर पाणी लागलं. आंब्याला कैऱ्या लागल्या. ताईचं लग्न लागलं. निकाल लागला. दादाला नोकरी लागली. तो आपला मामा लागतो. भाजी खारट लागली. जिंतूरला जायला एक तास लागतो. तिला बस लागते. बस फलाटाला लागली. दृष्ट लागली. उद्या जावं लागेल. पोरगं रडायला लागलं.

अठरा वाक्यं, जवळजवळ अठरा अर्थ. यातला एक तरी तुम्हाला कुणी शिकवला होता का? ‘तिला बस लागते’ म्हटलं की उलटीची पिशवी शोधायची, आणि ‘बस फलाटाला लागली’ म्हटलं की पळायचं, हे तुम्हाला आपसूक कळतं. कारण तुम्ही ‘लागणे’कडे बघतच नाही. त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघता. भूक शेजारी असली की एक, दार असलं की दुसरं, ‘जावं’ असलं की तिसरं.

‘गेट’चं सगळं शास्त्र एवढंच आहे. ‘गेट’चा अर्थ काय, हा प्रश्न सोडून द्या. ‘गेट’च्या पुढे कोण आलंय, हे विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत.

ज्यांना कोशात डोकवायची आवड आहे त्यांनी मोल्सवर्थ या इंग्रजाचा मराठी-इंग्रजी कोश उघडून ‘लागणें’ बघावं. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे आणि ती इंटरनेटवर फुकट बघता येते. परक्या माणसाला आपला हा शब्द समजून घेताना किती पानं चाळावी लागली असतील, हे बघितलं की ‘गेट’ची भीती निम्मी होते.

पायरी ३: ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. इथे मी वर्गाचे तीन दिवस घालतो.

मराठीत गोष्टी आपल्याकडे येतात. मला पत्र आलं. मला ताप आला. मला नोकरी लागली. मला मार बसला. मला सुट्टी मिळाली. मला राग आला. मला सोयाबीनचा चांगला भाव मिळाला. क्रियापदं वेगवेगळी आहेत: येणे, लागणे, बसणे, मिळणे. आणि माणूस ‘मला’ म्हणून एका बाजूला उभा आहे, गोष्ट चालत त्याच्याकडे येते.

इंग्रजीत माणूस पुढे होतो आणि ती गोष्ट हातात घेतो. ‘आय गॉट अ लेटर.’ ‘आय गॉट फीव्हर.’ ‘आय गॉट अ जॉब.’ ‘आय गॉट अ बीटिंग.’ ‘आय गॉट लीव्ह.’ ‘आय गॉट अँग्री.’ ‘आय गॉट अ गुड प्राइस फॉर माय सोयाबीन.’ आपली चार क्रियापदं, त्यांचं एक.

हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. समुद्रापलीकडून, नॉर्वे-डेन्मार्ककडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘गेटा’ या शब्दातून तो इंग्रजीत रुजला, आणि त्याच्या मुळाशी धरणे, हाती घेणे हा अर्थ आहे. ‘फरगेट’ हा त्याचा भाऊबंद: हाती होतं ते सुटलं, म्हणजे विसरलं. आपण ‘चोर हाती लागला’, ‘पुस्तक हाती आलं’ म्हणतो ना, तोच हात. ‘मला’ ऐकू आलं की मनात तो हात आणा आणि वाक्य ‘आय गॉट’ने सुरू करून बघा. दहातली सहा-सात वाक्यं बसतात.

मराठीत ‘मला’ऐवजी गावाचं नाव आलं तरी चालतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं: ‘लातूर गॉट वॉटर बाय ट्रेन.’ लातूर‘ला’ आलं, लातूर ‘गॉट’. तो ‘ला’ पकडायला शिका.

न बसणारी वाक्यंही लगेच सांगून टाकतो. मला आवडतं, मला पाहिजे, मला माहितीय, मला आठवतं. यांना इंग्रजीत स्वतःची क्रियापदं आहेत: लाईक, वॉन्ट, नो, रिमेंबर. तिथे ‘गेट’ नको.

आता आपल्या भागातली एक खास गोष्ट. आपण मराठवाड्यात मिळालं याला ‘भेटलं’ म्हणतो. पुस्तक भेटलं का? नोकरी भेटली का? बसमध्ये जागा भेटली का? मला या बोलण्याची लाज वाटत नाही आणि तुम्हीही वाटून घेऊ नका. हिंदी-उर्दूतही माणूस ‘मिलता’ है आणि नोकरीही ‘मिलती’ है. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि तिथला कारभार उर्दूत चालायचा, त्यामुळे अशी वळणं आपल्या कानाला परकी नाहीत. अडचण फक्त इंग्रजीत होते. पोरं ‘जॉब भेटला’ याचं ‘आय मेट अ जॉब’ करतात. इंग्रजीत ‘मीट’ माणसाला करतात. वस्तू भेटली, पैसा भेटला, संधी भेटली, तर ‘गॉट’. ‘आय मेट माय सर अँड गॉट द बुक’: सर भेटले, पुस्तक भेटलं. हे एक वाक्य पाठ केलं तरी चूक कायमची जाते.

पायरी ४: उशीर व्हायलाय

‘गेट’च्या पुढे वस्तू न येता एखादी अवस्था आली, म्हणजे लेट, डार्क, हॉट, टायर्ड, ओल्ड, बेटर, की अर्थ ‘होणे’. उशीर झाला, अंधार पडला, तापलं, दमलो, म्हातारा झाला, बरं वाटलं. ‘गेट वेल सून’ हे तुम्ही शुभेच्छापत्रावर वाचलंच असेल: लवकर बरे व्हा.

इथे आपल्या बोलीचा मोठा फायदा आहे. पुण्याकडे ‘उशीर होतोय’ म्हणतात, आपण ‘उशीर व्हायलाय’ म्हणतो. अंधार पडायलाय. पाणी तापायलंय. मला आता कळायलंय. अशी अवस्था बदलत असताना हे ‘-आयला’ ऐकू आलं की ‘गेटिंग’ म्हणा. ‘इट इज गेटिंग लेट.’ ‘इट इज गेटिंग डार्क.’ ‘द वॉटर इज गेटिंग हॉट.’ ‘आय ॲम गेटिंग इट नाऊ.’ मी वर्गात आधी परभणीच्या बोलीत वाक्य बोलतो, मग पोरं ‘गेटिंग’ म्हणतात. पुस्तकी मराठीतून शिकवायचो तेव्हा हे इतक्या लवकर जमत नव्हतं.

एक फरक मात्र समजून घ्या. ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे मी दमलेलो आहे. ‘आय गेट टायर्ड’ म्हणजे मी दमतो. पहिल्यात अवस्था आहे, दुसऱ्यात बदल. ‘शी इज मॅरिड’ म्हणजे तिचं लग्न झालेलं आहे. ‘शी गॉट मॅरिड इन मे’ म्हणजे मे महिन्यात लग्न लागलं. तारीख, वेळ, ‘त्या दिवशी’ असं काही सांगायचं असलं की ‘गॉट’ हवा.

पायरी ५: पोचणे आणि कळणे

पुढे जागा आली की ‘गेट’ म्हणजे पोचणे. ‘आय गॉट टू नांदेड ॲट नाइन.’ जागेआधी ‘टू’ लागतो. फक्त होम, हिअर आणि देअर या तिघांआधी ‘टू’ लावायचा नाही: गेट होम, गेट हिअर, गेट देअर. मुलाखतीतला तो प्रश्न यातलाच. त्याचं साधं उत्तर: ‘आय केम बाय बस, सर.’ प्रश्नात ‘गेट’ होता म्हणून उत्तरात घालायलाच पाहिजे असं नाही.

पुढे ‘इट’, ‘द पॉइंट’, ‘द जोक’ आला की अर्थ कळणे. ‘डिड यू गेट इट?’ कळलं का? ‘सॉरी, आय डिडंट गेट यू’ म्हणजे तुमचं म्हणणं मला नीट कळलं नाही. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात देतो. मुलाखतीत, फोनवर, ऑफिसात, कुठेही समोरचा भराभर बोलला तर मान डोलवण्याऐवजी हे म्हणा. कुणी रागावत नाही, आणि माणूस दुसऱ्यांदा सावकाश बोलतो.

तिसरा प्रकार आणून देण्याचा. ‘गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर’: मला पेलाभर पाणी आणून दे. ‘गेट’च्या लगेच पुढे माणूस आणि त्याच्या मागे वस्तू. मोठ्या माणसाला सांगताना आधी ‘कुड यू प्लीज’ लावा, कारण ‘आणून दे’ आणि ‘आणून देता का’ यातला फरक इंग्रजीत तेवढ्यावरच आहे.

पायरी ६: कुणी केलं?

इथे थोडं थांबू, कारण इथली चूक समोरच्याला चूक वाटतही नाही. वाक्य बरोबर दिसतं आणि अर्थ भलताच जातो.

आपण म्हणतो, ‘मी कटिंग केली.’ केली न्हाव्याने. ‘मी गाडी दुरुस्त केली.’ केली मेकॅनिकने. मराठीत हे खपतं, कारण ऐकणाऱ्याला माहिती असतं. पण ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की इंग्रजी ऐकणारा समजतो, याने स्वतः कात्री घेऊन केस कापले. त्याऐवजी ‘आय गॉट माय हेअर कट.’ ‘आय गॉट द बाईक रिपेअर्ड.’ ‘वुई गॉट द बोअर क्लीन्ड.’ मराठीतलं ‘करून घेतलं’ ते हेच. रचना सोपी आहे: गॉट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप.

समजा तुमचा अनुभव विचारला आणि तुम्ही म्हणालात, ‘आय रिपेअर्ड द पंप.’ समोरचा लगेच पुढचा प्रश्न पंपाच्या वाइंडिंगवर विचारेल. तुम्ही फक्त पंप दुकानात नेऊन दिला होता. खोटं बोलायचं नव्हतं तरी खोटं झालं.

दुसरी रचना माणसाकडून करून घेण्याची: ‘आय गॉट माय फादर टू साइन द फॉर्म.’ वडिलांच्या मागे लागून फॉर्मवर सही घेतली. इथे ‘टू’ विसरू नका. याच जागी ‘मेड’ वापरलं तर जबरदस्तीचा वास येतो. ‘गॉट’मध्ये समजावणं, पटवणं, मागे लागणं आहे. घरातल्या मोठ्यांबद्दल बोलताना ‘गॉट’च बरा.

तिसरी रचना माझ्या आवडीची. ‘आय गॉट टू सी वेरूळ’: मला वेरूळ बघायला मिळालं. संधी मिळाल्याचा आनंद त्यात आहे. ‘आय सॉ वेरूळ’मध्ये तो नाही. शिबिराला गेलात, मोठ्या माणसाला भेटलात, प्रयोगशाळेत यंत्र हाताळलंत, तर ‘आय गॉट टू’ वापरा.

आणि ‘गॉट’पुढे थेट तिसरं रूप आलं की काहीतरी घडून गेलं: गॉट सिलेक्टेड, गॉट हर्ट, गॉट ट्रान्सफर्ड. निवड झाली, लागलं, बदली झाली. यादी करायची गरज नाही, ऐकता ऐकता बसतं.

पायरी ७: एसटीत बसून शिकायचे छोटे शब्द

गेट ऑन, गेट ऑफ, गेट इन, गेट आउट. हे घोकून लक्षात राहत नाही, म्हणून प्रवासातच शिका. ज्या वाहनात उभं राहता येतं, मधून चालता येतं, तिथे ऑन आणि ऑफ: एसटी, रेल्वे, विमान. ज्यात वाकून शिरावं लागतं आणि बसूनच राहावं लागतं, तिथे इन आणि आउट: ऑटो, कार, काळी-पिवळी. मोटारसायकलवर टांग टाकून बसतो, म्हणून तिथेही ऑन-ऑफ.

घरून निघताना मनात चालू ठेवा. आय गॉट इन द ऑटो. आय गॉट आउट ॲट द बस स्टँड. आय गॉट ऑन द वसमत बस. आय गॉट ऑफ ॲट झिरो फाटा. महिनाभर असं केलं की विचार करावा लागत नाही. बसमधून उतरण्याला ‘गेट डाऊन’ म्हणायची सवय आपल्याकडे देशभर आहे आणि इथे सगळ्यांना ते कळतं. पण परदेशी माणसाशी बोलताना ‘गेट ऑफ’ म्हणा. ‘डाऊन’ झाडावरून किंवा शिडीवरून उतरताना.

बाकीचे छोटे शब्द मराठीच्या एकेका नेमक्या शब्दाला बांधून टाका. गेट अप म्हणजे उठणे. गेट बॅक, परत येणे. गेट अलाँग, पटणे: ‘जावाजावांचं पटतं’ हे ‘दे गेट अलाँग’. गेट बाय, भागणे: ‘एवढ्या पगारात भागतं का?’ हे ‘कॅन यू गेट बाय?’ गेट ओव्हर, सावरणे. दुखण्यातून, दुःखातून, नापास झाल्याच्या धक्क्यातून. गेट थ्रू, फोन लागणे किंवा परीक्षेतून पार पडणे. गेट रिड ऑफ, पिच्छा सोडवणे, मग ते तण असो की उंदीर. गेट अवे विथ, पचणे: ‘कॉपी केली अन् पचली.’ या शेवटच्याला ‘पचणे’सारखा चपखल शब्द आपल्याकडे असताना कोशात तो तीन ओळींत समजावलेला असतो.

एका दिवशी एकच घ्या. दोन घेतले की एकमेकांत मिसळतात.

पायरी ८: जावं लागेल

‘हॅव गॉट’ म्हणजे निव्वळ ‘आहे’. ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’: मला दोन बहिणी आहेत. यात मिळण्याचा काही संबंध नाही. बोलताना ‘आयव्ह गॉट’ असं आखडतं, म्हणून कानाला नुसतं ‘गॉट’ ऐकू येतं.

‘हॅव गॉट टू’ आणि पुढे क्रियापद आलं की ते आपलं दुसऱ्या पायरीवरचं ‘जावं लागेल’. ‘आयव्ह गॉट टू गो.’ मोबाइलवरच्या मालिकांत, व्हिडिओत हेच घाईघाईत ‘आय गॉटा गो’ असं येतं. ऐकायला शिका. बोलायला वापरलंत तर मित्रांत वापरा, मुलाखतीत ‘आय हॅव टू गो’ म्हणा.

वहीतलं ‘रडायला लागलं’ आठवतंय? त्याच्या जवळ जाणाराही एक ‘गेट’ आहे: ‘लेट्स गेट गोइंग’, चला, निघू या, चालायला लागू.

पायरी ९: अर्जात नको

‘गेट’ बोलण्याचा शब्द आहे. अर्जात, परीक्षेच्या उत्तरात, ऑफिसच्या पत्रात तो कमी वापरा. मराठीत आपण तहसीलच्या अर्जात ‘तुमचं पत्र भेटलं’ लिहीत नाही, ‘आपले पत्र प्राप्त झाले’ लिहितो. तेच इथे. पत्र, पैसे, सूचना मिळाली तर ‘रिसीव्ह’. प्रयत्नाने परवाना, दाखला, गुण मिळवले तर ‘ऑब्टेन’. झालं, बनलं तर ‘बिकम’. पोचलं तर ‘रीच’, आणि त्याच्यापुढे ‘टू’ अजिबात नको. समजलं तर ‘अंडरस्टँड’.

अर्ज लिहून झाला की त्यातल्या प्रत्येक ‘गॉट’ला गोल करा आणि या पाचांतला कोणता बसतो ते बघा. उलटं मात्र करू नका. मैत्रिणीला ‘आय हॅव ऑब्टेन्ड युअर मेसेज’ म्हणालात तर ती घाबरेल की काही सरकारी काम निघालं की काय.

पायरी १०: सराव

रोज रात्री दिवसभरातली पाच ‘मला’ वाक्यं आठवा आणि फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करून इंग्रजीत बोला. लिहू नका, बोला. दुसऱ्या दिवशी ऐका आणि ‘गेट’, ‘गेइट’, ‘गॉट’, ‘गोट’ यांचे उच्चार तपासा. वाचताना-ऐकताना ‘गेट’ भेटला की थांबून त्याच्या पुढचा शब्द बघा आणि मनात मराठी क्रियापद म्हणा: मिळालं, झालं, पोचलं, कळलं, आणलं, करून घेतलं.

शेवटी हा उतारा. वर्गात मी तो तिसऱ्या आठवड्यात देतो. आधी स्वतः करा, मग खालची उत्तरं बघा.

‘आज उठायला उशीर झाला. स्टँडवर पोचले तर बस लागलेलीच होती. चढले, पण जागा भेटली नाही. उन्हानं डोकं दुखलं. कॉलेजजवळ नोट्सची झेरॉक्स काढून घेतली. सरांचं अर्धं बोलणं कळलं नाही. अंधार पडायलाय बघून घरी फोन केला, पण लागला नाही. मेसेज केला: मी आठपर्यंत घरी पोचते.’

पहिलं: ‘आय गॉट अप लेट.’ दुसऱ्यात ‘व्हेन आय गॉट टू द स्टँड’ बरोबर, पण बस लागलेली होती याला ‘गॉट’ नको. ‘द बस वॉज ऑलरेडी देअर’ पुरे. तिसरं: ‘आय गॉट ऑन, बट आय डिडंट गेट अ सीट.’ इथे ‘मीट’ किंवा ‘डिडंट गॉट’ आलं असेल तर पहिली आणि तिसरी पायरी पुन्हा वाचा. चौथं: ‘आय गॉट अ हेडेक फ्रॉम द सन.’ पाचवं: ‘आय गॉट माय नोट्स फोटोकॉपीड.’ झेरॉक्स म्हटलंत तर आपल्याकडे कळेल, बाहेर फोटोकॉपी बरं. सहावं: ‘आय डिडंट गेट हाफ ऑफ व्हॉट सर सेड.’ सातवं: ‘इट वॉज गेटिंग डार्क, सो आय कॉल्ड होम, बट आय कुडंट गेट थ्रू.’ आणि मेसेज: ‘आय विल गेट होम बाय एट.’ ‘होम’आधी ‘टू’ घातला असेल तर तो खोडा.